तांबट पक्षी : खानदेशातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माघ संपता संपता जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गावोगावी एक ठेका सुरू होतो आणि तो पार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. टुक, टुक, टुक. भर दुपारी, बाकीची पाखरे सावलीत चोच वासून बसलेली असताना, हा आवाज मात्र थांबत नाही. या आवाजाविषयी आणि तो करणाऱ्या पक्ष्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी सांगण्यासारखे जास्त आहे.

दुपारभर टुक-टुक असा आवाज येतो, तो पाण्याच्या मोटारीचा की पक्ष्याचा?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण आवाजात यंत्राची एकसुरी शिस्त खरोखरच आहे. तो तांबट पक्ष्याचा आवाज आहे. मिनिटाला साधारण १०० ते १२० ठोके, प्रत्येक ठोका आधीच्यासारखाच, आणि मध्येच काही कारण नसताना थांबणे, ही त्याची खूण. कधी कधी वेग याहूनही पुष्कळ वाढतो. तांब्याच्या पातेल्यावर किंवा हंड्यावर हातोडीने बारीक ठोके देऊन त्याला मठारणारा कारागीर म्हणजे तांबट. पुण्यात तांबट आळी आणि नाशिकला तांबट लेन ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्याच कारागिरांचे नाव या पक्ष्याला मिळाले आहे. मठारकाम ज्यांनी एकदा तरी जवळून ऐकले आहे त्यांना या नावाविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. स्टीलची भांडी आल्यापासून ते काम कानावर पडणे दुर्मीळ झाले, त्यामुळे आज अनेक मुलांना पक्षी आधी भेटतो आणि कारागीर नंतर, किंवा भेटतच नाही.

आवाज इतका स्पष्ट येतो, तरी पक्षी दिसत का नाही?

याला तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे त्याची पाठ आणि पंख पानांच्याच हिरव्या रंगाचे असतात. दुसरे, तो आकाराने लहान आहे. लांबी १५ ते १७ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीपेक्षा थोडाच मोठा, मात्र बांधा ठेंगणा आणि डोके मोठे. तिसरे कारण जरा मजेशीर आहे. आवाज काढताना तो डोके या बाजूचे त्या बाजूला वळवीत राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला आवाज एकदा उजवीकडून तर एकदा डावीकडून आल्यासारखा वाटतो, आणि माणूस भलत्याच फांद्या धुंडाळत बसतो.

त्याला पाहायचे असेल तर पानांत शोधू नये. सकाळी ऊन पडल्यावर झाडाच्या अगदी शेंड्याकडची वाळलेली, निष्पर्ण काटकी पाहावी. तांबटाला कोवळ्या उन्हात अंग शेकण्याची फार हौस असते आणि हिवाळ्यात तर एकाच वाळक्या शेंड्यावर दोन-चार तांबट एकमेकांपासून थोडे अंतर राखून बसलेले दिसतात. ऊन पाठीमागे घेऊन उभे राहिले म्हणजे त्याचे रंग नीट उमटतात, अन्यथा आकाशाच्या पार्श्वभूमीवर नुसता काळा ठिपका दिसतो.

त्याची नक्की ओळख कशी पटवावी?

कपाळावर लाल भडक टिळा, डोळ्याच्या वर आणि खाली पिवळा ठिपका, गळा पिवळा आणि त्याखाली छातीवर पुन्हा लाल पट्टा. पोट फिकट असून त्यावर हिरवट उभ्या रेघा असतात, पाय लालसर आणि चोच जाड, काळी असते. चोचीच्या मुळाशी राठ केस असतात. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, त्यामुळे जोडीतला नर कोणता हे नुसते पाहून सांगता येत नाही. नुकत्याच उडू लागलेल्या पिलाच्या अंगावर लाल रंग नसतो आणि अशा पिलाचे छायाचित्र पाठवून 'हा कोणता नवा पक्षी?' असे विचारणारे बरेच जण असतात.

शास्त्रीय नाव सिलोपोगॉन हिमासेफॅलस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ रक्तवर्णी डोक्याचा असा होतो. हे नाव १७७६ साली फिलिपिन्समधल्या पक्ष्यावरून दिले गेले. पाकिस्तानपासून भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया आणि फिलिपिन्सपर्यंत तो पसरलेला आहे. जावा बेटावरच्या उपजातीत तर आपल्याकडे जो गळा पिवळा असतो तोही लाल असतो.

हा पोपटाच्या जातीचा आहे का?

नाही. रंग हिरवा आणि चोच जाड एवढ्यावरून हा समज झालेला दिसतो. तांबटाचे जवळचे नाते सुतार पक्ष्याशी आहे. दोघेही एकाच गणातले, दोघांच्याही पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, आणि दोघेही लाकूड कोरून घर करतात. मराठीने एका नातेवाइकाला सुतार म्हटले आणि दुसऱ्याला तांबट, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. गंमत अशी की तांबट काम करतो सुतारकीचेच. तांब्याचा फक्त आवाज.

तो चोच न उघडता आवाज कसा काढतो?

दुर्बिणीतून पाहिले तर हे खरेच दिसते. प्रत्येक ठोक्याच्या वेळी चोच मिटलेली असते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना असलेला उघड्या कातडीचा भाग फुगून पुन्हा बसतो. त्याच तालावर डोके आणि अंगही हलते. हिवाळ्यात तो जवळजवळ गप्प असतो आणि ऊन तापू लागले म्हणजे बोलू लागतो, त्यामुळे 'थंडीत तांबट गाव सोडून जातात का' असाही प्रश्न येतो. ते जात नाहीत. हा स्थानिक, बारमाही पक्षी आहे. फळांच्या मागे तो इकडून तिकडे हिंडतो, पण स्थलांतर करीत नाही. आपल्याला ऐकू येत नाही, इतकेच.

तांबट काय खातो? अंगणात बाजरी-ज्वारी टाकली तर येईल का?

येणार नाही. दाणे हे त्याचे अन्नच नव्हे, आणि जमिनीवरही तो सहसा उतरत नाही. तो फळांवर जगणारा पक्षी आहे, आणि त्यातही वड, पिंपळ, उंबर, पिंपरण या एका कुळातल्या झाडांवर त्याचा सगळा भार असतो. जोडीला सिंगापूर चेरीसारखी रसाळ लहान फळे, कधी फुलांच्या पाकळ्या, आणि पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी उडू लागली की ती पकडणे, एवढे त्याचे खाणे. वजन अवघे ३० ते ५० ग्रॅम, पण दिवसभरात तो आपल्या वजनाच्या दीडपट ते जवळजवळ तिप्पट फळे खातो. लहान फळ सबंध गिळले जाते आणि पोटातून गेलेले बी दूर कुठेतरी विष्ठेतून पडते.

वडा-पिंपळाचेच एवढे महत्त्व का, हे समजून घेतल्याशिवाय हा पक्षी समजत नाही. ज्याला आपण उंबर किंवा वडाचे फळ म्हणतो ती खरी पाहता आतल्या बाजूला फुले असलेली बंद डबी असते. तिच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून एक सूक्ष्म जातीची माशी आत शिरते, तिच्यामुळे परागीकरण होते आणि तिची पुढची पिढीही आतच वाढते. बहुतेक प्रत्येक जातीच्या झाडाची माशी निराळी आणि तिचे आयुष्य फार थोडे. एका परिसरातल्या सगळ्या झाडांना एकदम फळ धरले आणि मग बराच काळ कोणालाच धरले नाही, तर ही माशी संपून जाईल. म्हणूनच एक वड लाल फळांनी लगडलेला असताना दोन फर्लांगांवरचा दुसरा मोकळा असतो, आणि उंबराला तर वर्षातून अनेकदा बहर येतो. आंबा, चिंच, बोर आपापल्या हंगामात येतात आणि संपतात. या कुळातले कोणते ना कोणते झाड मात्र बाराही महिने पिकलेले सापडते. निव्वळ फळांवर राहणाऱ्या पक्ष्याला याहून मोठा आधार नाही. अर्थात त्यासाठी परिसरात एक झाड पुरत नाही. चार-पाच गावांच्या शिवारात मिळून अशी पुष्कळ झाडे असावी लागतात, आणि तेथेच आता अडचण आहे.

केळीच्या बागेचे तांबट नुकसान करतो का?

रावेर, यावल, चोपडा या भागांतून हा प्रश्न हमखास येतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पिकाविषयी शेतकरी जागरूक असणे स्वाभाविक आहे. पण आपल्याकडे केळीचा घड हिरवा असतानाच कापला जातो आणि नंतर पिकवला जातो, त्यामुळे तांबटाला खाण्याजोगे पिकलेले फळ बागेत जवळपास नसतेच. परसातल्या पेरूला किंवा पपईला कधी चोच मारलेली आढळते, ती तांबटाची असू शकते, तशीच ती बुलबुलाची, कोकिळेची किंवा खारीची असू शकते. बागेभोवती दिसणारा तांबट बहुधा बांधावरच्या उंबरासाठी आलेला असतो.

उलट विचारले पाहिजे ते हे की केळीच्या बागेने तांबटाचे काय केले. सलग केळी लावताना बांध सपाट होतात, बांधावरची झाडे सावली धरतात म्हणून जातात, आणि मैलभर हिरवेगार दिसणाऱ्या शिवारात या पक्ष्याला बसायला फांदी उरत नाही. लेखक स्वतः शेतकरी कुटुंबातला आहे आणि सावलीमुळे पीक मार खाते हे त्याला ठाऊक आहे. तरीही बांधाच्या कोपऱ्यावरचे, विहिरीजवळचे एखादे उंबर राखणे परवडते असे त्याचे मत आहे.

तो घरटे कोठे करतो? सुगरणीसारखा खोपा विणतो का?

विणत नाही, कोरतो. वाळलेली किंवा आतून कुजू लागलेली मऊ लाकडाची फांदी तो निवडतो. शेवगा, पांगारा, गुलमोहर, सावर अशा झाडांच्या वाळक्या फांद्या त्याला सोयीच्या पडतात. सुताराइतकी त्याची चोच बळकट नसल्यामुळे टणक, जिवंत लाकूड त्याला झेपत नाही. नर-मादी दोघे आळीपाळीने कोरतात. दाराचे भोक साधारण रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, कंपासने आखल्यासारखे गोल, आणि बहुतेक वेळा आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला असते. खालच्या बाजूस दार ठेवल्याने पावसाचे पाणी आत जात नाही आणि वरून चालत येणाऱ्या शत्रूलाही ते गाठणे कठीण जाते. आत ना काडी, ना कापूस. भुश्यावरच अंडी घातली जातात. अंडी पांढरी, बहुधा तीन. सुमारे दोन आठवडे दोघेही उबवतात आणि नंतर पिले महिन्याहून अधिक काळ ढोलीतच राहतात. विणीचा हंगाम नसताना हीच ढोली रात्रीच्या मुक्कामाला वापरली जाते.

सोडून दिलेली ढोलीही वाया जात नाही. लाकूड कोरता न येणारे रानचिमणीसारखे पक्षी अशा तयार घरात संसार मांडतात.

मग घराजवळचे वाळके झाड तोडू नये काय?

घरावर, रस्त्यावर किंवा विजेच्या तारांवर पडेल अशी फांदी काढावीच लागते. पक्ष्यासाठी माणसाचा जीव धोक्यात घालावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु वाळकी फांदी दिसली की ती 'मेलेली' म्हणून लगेच काढून टाकायची, ही आपली सवय मात्र तपासून पाहिली पाहिजे. तांबटाच्या दृष्टीने झाडाचा तोच भाग कामाचा आहे. फळ देणारे झाड आणि वाळलेली फांदी या दोन गोष्टी असल्या की तो भुसावळच्या उन्हातही तग धरतो. रस्ते रुंदावताना रांगेने उभे असलेले वड पहिल्यांदा जातात आणि अंगण 'स्वच्छ' करताना वाळकी फांदी पहिल्यांदा जाते, म्हणजे नेमक्या याच दोन गोष्टी आपण आधी काढतो.

यात वेळेचाही प्रश्न आहे. आपल्याकडे झाडांची छाटणी होते ती चैत्र-वैशाखात, पावसाळ्याआधी, आणि तांबटाच्या विणीचा भरही साधारण याच सुमारास असतो. आमच्या परसात शेवगा होता. शेंगा संपल्या म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, झोका बांधायला अंगण मोकळे असावे म्हणून, आम्हीच त्याच्या दोन फांद्या उतरवल्या. त्यातली एक वाळकी होती. ती जमिनीवर आपटून चिरली तेव्हा आत भुसा आणि फुटलेली अंडी निघाली. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ज्या आवाजाखाली आम्ही चहा घेत होतो तो कोणाचा आणि कशासाठी आहे हे त्या दिवशी कळले. जोडी दोन दिवस त्या मोकळ्या जागेभोवती फिरत होती.

तेव्हा फांदी काढण्यापूर्वी तिच्या खालच्या अंगाला गोल भोक आहे का ते पाहावे, आणि असल्यास लांबून अर्धा तास लक्ष ठेवावे. पक्षी आत-बाहेर करीत असेल तर छाटणी पुढे ढकलावी. शहरात झाड तोडण्यापूर्वी १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हेही येथे नमूद करणे योग्य होईल.

लाकडी घरटी टांगली तर तांबट त्यात राहील का?

बाजारात चिमण्यांसाठी मिळणाऱ्या पेट्यांकडे तो सहसा वळत नाही. त्याला आयते घर नको असते; कोरायला लाकूड हवे असते.

सातपुड्यात याच जातीचा मोठा पक्षी दिसतो, तो कोणता?

तो तपकिरी डोक्याचा तांबट, ज्याला कुटुर्गा असेही म्हणतात. लांबी सुमारे २७ सेंटिमीटर, डोके आणि छाती तपकिरी, डोळ्याभोवती केशरी उघडी कातडी. त्याचा आवाज ठोक्यांचा नसून 'कुटर्रुक, कुटर्रुक' असा घुमणारा असतो आणि एकाने सुरुवात केली की दरीच्या पलीकडून दुसरा उत्तर देतो. लहान तांबट गावात, पारावर, बसस्थानकाच्या आवारात राहतो. कुटुर्ग्याला दाट झाडी लागते.

पाहण्यासाठी कोठे जावे?

लहान तांबटासाठी कोठेही जाण्याची गरज नाही. अहिराणी बोलणारी जुनी माणसे ज्याला पिंपय म्हणतात तो पिंपळ गावाच्या पारावर असेलच; फळ पिकलेले असताना सकाळी सातच्या सुमारास त्याखाली जाऊन उभे राहावे. दोन्ही तांबट एका फेरीत पाहायचे असतील तर रावेर तालुक्यातले पाल आणि यावल अभयारण्याचा परिसर, शिरपूरकडचे अनेर अभयारण्य, नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ, किंवा चाळीसगावजवळचे पाटणादेवी ही ठिकाणे चांगली. मात्र सातपुड्याचे रान म्हणजे मुख्यतः साग, अंजन आणि सलई. यांपैकी कोणत्याच झाडाला तांबटाच्या उपयोगाचे फळ येत नाही. म्हणून सागाच्या उतारावर वेळ न घालवता नाल्याच्या काठाने चालावे, कारण उंबर पाण्याच्या कडेला असतो. हतनूर धरणावर पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी तांबटाची अपेक्षा ठेवू नये; ती बदकांची आणि पाणपक्ष्यांची जागा आहे, पण तेथे जाताना रस्त्यावरच्या वडाखाली चहाला थांबल्यास तांबट तेथेच भेटण्याचा संभव अधिक.

तांबट पिंजऱ्यात पाळता येतो का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तो पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. जगाच्या पातळीवर हा पक्षी संकटात नाही, पण म्हणून परवानगी मिळते असे नव्हे.

काचेवर आदळून पडलेला तांबट सापडला, काय करावे?

नव्या इमारतींच्या मोठ्या काचांत झाडांचे प्रतिबिंब पडते आणि वेगाने सरळ उडणारा तांबट त्यावर आदळतो. असा पक्षी पुष्कळदा मेलेला नसून बधिर झालेला असतो. त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सुती फडक्यावर, अंधाऱ्या आणि शांत जागी तास-दोन तास ठेवावे. चोच उघडून पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. खोक्यात हालचाल ऐकू आली की ते झाडाजवळ नेऊन उघडावे. पंख लोंबत असेल किंवा रक्त येत असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

घराच्या भिंतीत पिंपळाचे रोप उगवले आहे. ते तांबटानेच लावले का, आणि काढावे का?

तांबट, हरियाल, बुलबुल, मैना, वटवाघूळ यांपैकी कोणीतरी ते लावले आहे, एवढे खात्रीने सांगता येते. या झाडांचे बी अगदी बारीक असते आणि विष्ठेबरोबर फटीत पडले की ओल मिळताच रुजते. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींतून, विहिरींच्या बांधकामातून डोकावणारे पिंपळ याच वाटेने आलेले असतात. भिंत वाचवायची तर रोप लहान असतानाच काढले पाहिजे, एकदा मूळ दगडात शिरले की काढणे जड जाते. फक्त ते उपटून फेकू नये. पहिल्या पावसानंतर भिंत ओली असताना मुळासकट हलक्या हाताने सोडवावे, एक पावसाळा पिशवीत वाढवावे आणि पुढच्या वर्षी गायरानात, नाल्याच्या काठी किंवा शाळेच्या आवारात, इमारतीपासून लांब लावावे. वडाच्या बाबतीत जाड फांदी लावली तरी ती जीव धरते, पण गुरांपासून दोन-तीन वर्षे काट्यांचे कुंपण लागतेच.

आमच्या विहिरीच्या कठड्यातून असे काढलेले एक रोप नाल्याच्या वळणावर लावले आहे. ते आता माणसापेक्षा उंच झाले आहे, फळ अजून धरलेले नाही. मागच्या फाल्गुनात त्याच्या शेंड्यावर सकाळी एक तांबट ऊन खात बसला होता.